खारसोंड्याची धवलारीण

रोह्याजवळच्या आमच्या वरशातल्या सोसायटीत मध्यंतरी एका सकाळी पाणी आलं नाही. मोटर जळाली होती. दुपारपर्यंत खाली पार्किंगमध्ये सभा भरली. रोह्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ म्हणाले, "उपोषणाला बसल्याशिवाय या बिल्डरला जाग यायची नाही." दुसऱ्यांनी लगेच विचारलं, "शनिवारी ठेवू या का? सगळ्यांना सुट्टी असते." संध्याकाळी मोटर दुरुस्त झाली आणि 'आपल्या एकजुटीचा विजय' असा मेसेज ग्रुपवर आला. त्याखाली अंगठेच अंगठे.

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मला धाकलीबाई आठवली आणि तोंड कडू झालं.

मुलीकडे वरशाला राहायला येण्याआधी माझं पेणला सरकारी कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. लोकांची दुःखं मी डावीकडे दोन बोटं जागा सोडून टाइप करून द्यायचो. समोरच कचेरी असल्यामुळे मोर्चे भरपूर बघायला मिळाले. मोर्चा कुठल्या पक्षाचा हे मला झेंडा न बघता, कोपऱ्यावरच्या वडापावच्या ऑर्डरीवरून कळायचं. दहा वाजता घोषणा, साडेअकराला निवेदन, बाराला फोटो, एकला जेवण. त्यातून कुणाचं काही भलं झालेलं मी पाहिलं नव्हतं. त्यामुळे आंदोलन या प्रकाराबद्दल माझं मत काय होतं, ते सांगायला नको.

अशात एक दिवस सकाळी कचेरीच्या फाटकापाशी टेम्पोतून बाया उतरल्या. झगझगीत नऊवारी, गळ्यात असेल नसेल ते सोनं, डोक्यात अबोली. मला वाटलं वऱ्हाड वाट चुकलं. मी दुकानातून ओरडलो, "मंगल कार्यालय पुढे आहे, डावीकडे वळा!"

त्यातली एक काळीसावळी, बुटकी, कपाळभर कुंकू लावलेली बाई वळून माझ्याकडे आली. म्हणाली, "कार्यालयात नाय, आमी याच साहेबाकडे आलाव. नळाची सोयरीक ठरवायची हाय. सोयरीक ठरवायला कोन फाटका नेसून जातो काय?"

ही धाकलीबाई. खारसोंड्याची. नाव धाकली, उंचीही तेवढीच, पण गावातला कुठलाही थोरला तिच्यापुढे आवाज चढवत नसे. कारण ती धवलारीण होती. आमच्या खारेपाटात, म्हणजे पेणच्या खाडीकाठच्या गावांत, लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण वेळेवर लागते. हळदीपासून नवरी घरात घेईपर्यंतचा प्रत्येक विधी ती गाण्यातून, म्हणजे धवल्यातून सांगते. ती गाते आणि माणसं तसं तसं करत जातात. खारसोंड्यातली निम्मी जोडपी तिच्या गळ्यातून निघालेली होती. त्यामुळे ती 'चला' म्हणाली की बाया निघायच्या, कुठे ते टेम्पोत बसल्यावर विचारायच्या.

खारसोंडं हे गाव हमरापूर-जोहे मागे टाकून खाडीकडे गेलं की लागतं. पुढे खाडी, मागे खारजमीन, आणि प्यायला पाणी नाही. म्हणजे पाणी होतं, गावाच्या शिवेवरून जात होतं. धरणातून लांबच्या नव्या शहराला पाणी नेणारा, माणसाएवढ्या घेराचा पाइप यांच्या शेतातून गेला होता. उन्हाळ्यात तो गार लागायचा, म्हणून दुपारी बाया त्याला पाठ टेकून बसायच्या. कान लावला की आत पाणी वाहताना ऐकू यायचं. गावाला मात्र आठवड्याला एकदा टँकर, आणि तो आला नाही तर बांधावरून पलीकडच्या गावी कॅन घेऊन पायपीट. मागणी एवढीच, की त्या पाइपातून गावासाठी एक फाटा द्या.

धाकलीबाईच्या बाबतीत या मागणीत एक काटा रुतलेला होता. तिची सून सुगंधा जोह्याची, गणपतीच्या कारखानदाराची पोर. लग्नाआधी ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. अशी पोर खारसोंड्यात द्यायला बाप तयार नव्हता. धाकलीबाईने स्वतः जाऊन शब्द दिला की दोन वर्षांत नळ येईल. मग तिनेच गाऊन सून घरात घेतली. नळ आला नाही. सुगंधा पोटुशी असताना बांधावरून दोन कॅन घेऊन येताना घसरली आणि पोटातलं मूल गेलं. दवाखान्यातून ती थेट माहेरी गेली. सासूला निरोप दिला, "पाणी आलं की मी येते." भांडण नाही, शिव्या नाहीत.

"बरोबर केला तिने," धाकलीबाई मला पहिल्याच अर्जाच्या वेळी म्हणाली. "खोटा बोलून आनली मी तिला. आता नल दाराशी आनीन नि मगच तिला बोलवायला जाईन." मी अर्जात हे लिहिलं नाही. अर्जात भावनेला जागा नसते, 'सबब' आणि 'तरी' यांच्यामध्ये ती मावत नाही.

मला ती मास्तर म्हणायची. मी कुठल्याही शाळेत मास्तर नव्हतो, पण 'जो कागदावर काला करतो तो मास्तर', असा तिचा हिशोब होता.

तिची आंदोलनं बघण्यासारखी असत. पहिला नियम, मुर्दाबाद म्हणायचं नाही. एकदा एका तरण्या पोराने हौसेने साहेबाच्या नावाने मुर्दाबाद ठोकलं, तर तिने तिथेच त्याचा कान धरला. "पानी मागायला आलास का मरन मागायला? त्याच्या घरात पोरं हायत." दुसरा नियम, एसटी अडवायची नाही. तिसरा, दर घरातून एक माणूस, जसं बांधाच्या कामाला येतं तसं. घोषणांच्या जागी धवले. लग्नात वरमाईची टर उडवायची गाणी असतात, त्यांची चाल घेऊन ती तिथल्या तिथे साहेबावर गाणं रचायची:

"साहेबाची आय गो, पानी कुठशी भरतस गो,
पोराला तुझ्या सांग गो, सोयरे उन्हात बसलं गो…"

कचेरीतले कारकून खिडकीत येऊन हसायचे. एक शिपाई तर ठेका धरायचा.

हे गाणं नुसतं गाणं नव्हतं. नवा साहेब आला की धाकलीबाई त्याला पहिला प्रश्न हाच विचारायची, "बाला, तुमची आय पानी कुठून भरते?" एकाला राग आला, त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. एकाने 'अ‍ॅक्वागार्ड आहे' असं प्रामाणिक उत्तर दिलं. एक कोवळा साहेब आला होता, कुठल्या तरी कोरड्या जिल्ह्यातला. प्रश्न ऐकून त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "विहिरीवरून. अजूनही." त्याने फाइल मागवली, गावात आला, पाइपाला हात लावून बघितला, नकाशा काढून घेतला. बाया खूश. धाकलीबाईने त्याच्या आईसाठी सुकवलेल्या कोळंबीचे सोडे पाठवले. पावसाळ्यापूर्वी त्याची बदली झाली. चांगल्या माणसाची बदली करायला आपल्याकडे फाइल लागत नाही, ती चोवीस तासांत होते.

एकदा पोलीस आले. जमावबंदी होती म्हणे, कुणातरी मंत्र्याची गाडी त्या रस्त्याने जायची होती. फौजदाराने 'उठा' म्हणताच बाया एकमेकींच्या हाताला हात अडकवून बसल्या आणि अंग सोडून दिलं. धाकलीबाईला उचलायला चौघे लागले. एवढीशी बाई, पण हवालदाराच्या हाताला घाम सुटला. नंतर मी विचारलं, ही युक्ती कुणी शिकवली? ती म्हणाली, "कोन शिकवनार? ओला ढेकूल उचलून बघा कधी. बांधावर आयुष्य गेला आमचा. ढेकलाला मारून काय फायदा नाय, नि उचलावा तर कंबर जाते." पोलीस ठाण्यात त्यांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तिथे एका महिला शिपायाचं लग्न ठरलेलं आहे असं कळलं, तर हिने तिथेच तिला हळदीचं गाणं म्हणून दाखवलं. सुटून आल्यावर पहिल्यांदा माझ्या दुकानात शिरली आणि स्टुलावर बसून पाय चेपत राहिली. "मास्तर, भ्या वाटला हो," एवढंच बोलली. मी चहा सांगितला. तिच्याबद्दल मला आदर वाटायला लागला तो त्या वाक्यापासून. न घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, त्यातली बहुतेक पुढे नगरसेवक झाली.

आता रमाकांतबद्दल सांगायला हवं. हा धाकलीबाईच्या दिराचा मुलगा. गोड बोलणारा, कुणाच्याही मयताला पहिला हजर राहणारा. गावात जो टँकर यायचा तो याचा. सरकारचं कंत्राट याच्याकडेच होतं, आणि सरकारी टँकर 'बिघडला' की खासगी टँकरही याचाच यायचा. गावात नळ आला तर कुणाचं नुकसान होणार होतं, हे कळायला फार शिक्षण लागत नाही. पण रमाकांत आंदोलनात पुढे होता! मांडव त्याने घालून दिला, लाऊडस्पीकर त्याचा, मांडवाबाहेर प्यायच्या पाण्याचा टँकरही त्याचाच. मी धाकलीबाईला एकदा सुचवून पाहिलं. ती म्हणाली, "माजे हातचा हाय तो, मास्तर. त्याची हलद मी लावली. पोटाचा धंदा हाय, पन गावाचा वाईट नाय करनार."

शेवटचं मोठं धरणं बरेच दिवस चाललं. उन्हाळा होता, वर्तमानपत्रात फोटो येऊ लागले होते, आणि वर कुठेतरी हललं. निरोप आला की अमावास्येच्या दिवशी दुपारी जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः येतील, मांडवात सगळ्यांसमोर फाट्याला मंजुरी जाहीर करतील, आणि आंदोलन सन्मानाने संपेल. धाकलीबाईने त्या दिवशी स्वतःच्या लग्नातलं लुगडं नेसलं होतं. मला म्हणाली, "इथून तशीच जोह्याला जाते. सुगंधाला आजच सांगते."

पुढे जे झालं ते समजायला खारेपाटाची एक रीत माहीत हवी. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाभोवती मातीचा लांबच लांब बांध असतो. खेकडे तो पोखरतात आणि अमावास्या-पुनवेच्या उधाणाला तो कुठेतरी फाटतो. त्याला खांड पडली म्हणतात. एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. म्हणून खांड पडल्याची हाक आली की माणसाने असेल तसं उठायचं. जेवणारा हात धुवायला थांबत नाही. मांडवातून नवरदेव उठून धावलेला लोकांना आठवतो. हाक कुणी दिली, खरी का, कुठल्या अंगाला, असलं काही विचारायचं नाही, कारण विचारत बसलं की तेवढ्यात बांध जातो. आणि खोटी हाक? तशी कुणी दिल्याचं म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. त्याला शिक्षाही ठरलेली नव्हती. जे होतच नाही त्याला शिक्षा कशी ठरवणार?

त्या दिवशी दुपारी, साहेबांची गाडी यायला थोडा वेळ असताना मांडवातल्या एका पोराचा फोन वाजला. तो उभा राहून ओरडला, "खांड पडली! मोठी खांड!"

मी दुकानाच्या पायरीवर होतो. माझ्या डोळ्यांदेखत तो मांडव उठला. सगळ्यात आधी उठली धाकलीबाई. लग्नातलं लुगडं तिने गुडघ्याच्या वर खोचलं, "चला गो!" म्हणून मोठ्याने हाक मारली, आणि अनवाणी रस्त्यावर धावली. मिळेल त्या टेम्पोत, विक्रम रिक्षात, मोटरसायकलवर माणसं गेली. पाचेक मिनिटांत मांडवात सतरंज्या, चपला आणि अर्धवट जेवलेली ताटं, एवढंच उरलं.

थोड्याच वेळात साहेबांच्या गाड्या आल्या. बरोबर फोटोवालेही होते. साहेब मांडवात शिरले, रिकाम्या सतरंजीकडे बघितलं आणि विचारलं, "कुठे आहेत आंदोलक?" मी धावत रस्ता ओलांडला. सांगितलं की बांध फुटलाय, सगळे तिकडे गेलेत, तासाभरात येतील, जरा थांबा. साहेबांनी घड्याळ बघितलं. शेजारचा कुणीतरी कानाला लागला. मग साहेब म्हणाले, "याचा अर्थ त्यांनी आंदोलन मागे घेतलंय." मी म्हटलं, "नाही हो, तसा अर्थ नाही." पण मी कोण? झेरॉक्सवाला. साहेब हसून मला म्हणाले, "आपण गावकरी आहात का?" आणि गाडीत बसले.

तिकडे बांधावर पोहोचलेल्यांना काय दिसलं? काही नाही. बांध शाबूत होता. उधाण बांधाच्या खाली वीतभर राहून परत फिरत होतं. घमेली, फावडी घेऊन आलेली शे-दीडशे माणसं या टोकापासून त्या टोकापर्यंत खांड शोधत फिरली. धाकलीबाई म्हणे दोनदा फिरली. खांड नाही याचा तिला आनंद झाला, असं तिनेच मला सांगितलं. "पहिल्यांदा बरा वाटला, मास्तर. भात वाचला असा वाटला. मग मागसून ध्यानात आला."

तो फोन रमाकांतने केला होता. लपवण्याची गरजही त्याला वाटली नाही. चार माणसांत त्याने शांतपणे सांगितलं, "मला कुणीतरी सांगितलं, मी पुढे सांगितलं. हाक आली की विचारायचं नाही, ही काकीचीच शिकवण ना?"  

त्या रात्री पोरं काठ्या घेऊन त्याच्या दारात गेली. धाकलीबाई आधीच तिथे उंबऱ्यावर बसली होती, ओल्या ढेकळासारखी. "माज्या अंगावरून जा," म्हणाली. पोरं रडत परत गेली. आता मी स्पष्टच लिहितो. मला ते पटलं नाही, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. त्या उंबऱ्यावर ती बसली नसती आणि रमाकांतच्या पाठीत चार काठ्या पडल्या असत्या, तर जगात अहिंसेचं काही फार मोठं नुकसान झालं नसतं. मी हे तिला तोंडावर बोललो. ती म्हणाली, "काठीने फाटा आला असता तर मीच पयली मारली असती. मारून काय, पोरं तुरुंगात, नि तो हास्पिटलात सफरचंद खात बसला असता."

"मग तुम्ही एकट्या तरी मांडवात बसून राहायचं होतं!" मी चिडून म्हटलं. "साहेबाला एक माणूस दिसलं असतं तरी पुरे होतं."

तिने उलट मलाच विचारलं, "नि खांड खरी असती तर? सगला गाव चिखलात नि मी सतरंजीवर? नल माज्या सुनेसाठी पायजे, नि भात जावा लोकांचा? नाय मास्तर. उद्या परत हाक आली तरी उठेन." मग खाली मान घालून म्हणाली, "पन जोह्याला काय तोंड दाखवू, ते सांगा."

मी तिला नवा अर्ज टाइप करून दिला.

फाट्याचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. डोंगराच्या बाजूला नवी बंगल्यांची स्कीम निघाली होती, मंजुरी तिकडे वळली. स्कीमचा नकाशा माझ्याकडेच झेरॉक्सला आला. त्यात पोहण्याचा तलाव होता. मी तीन प्रती काढून दिल्या, धंदा होता माझा.

माणसं रमाकांतवर रागावली असतील असं कुणाला वाटेल. रागावली होती, गणपतीपर्यंत. गणपतीत त्याने गावाला मोफत टँकर दिला आणि सार्वजनिक मंडपाला कमान. टँकर बंद झाला तर प्यायचं काय, हा प्रश्न रागापेक्षा मोठा होता. मग राग कुठेतरी काढायचा तर काढला धाकलीबाईवर. "काकीच पयली उठली. ती बसली असती तर आमी बसलो असतो." ज्या बाया तिच्या हातात हात अडकवून पोलिसांच्या गाडीत चढल्या होत्या, त्याच हे बोलताना मी ऐकल्या. पुढच्या निवडणुकीत रमाकांत निवडून आला. सत्काराच्या भाषणात 'आपल्या काकींच्या संघर्षाची परंपरा' असं काहीतरी म्हणाला. टाळ्या पडल्या.

धाकलीबाईने धरणं सोडलं नाही. पण पुढच्या खेपेला टेम्पोऐवजी रिक्षा पुरली. त्याच्या पुढच्या खेपेला ती आणि एक म्हातारी. मग ती एकटीच. ठेवणीतलं लुगडं, कपाळभर कुंकू, फाटकाच्या बाजूला एक सतरंजी. धवला एकटीने गात नाहीत, मागे ओळ झेलणाऱ्या बाया लागतात, त्यामुळे ती गप्पच बसायची. पोलिसांनीही तिला हात लावला नाही. अटक करण्याच्याही लायकीचं ते आंदोलन राहिलं नव्हतं. दुपारी माझ्या स्टुलावर येऊन भाकरी खायची. मी रागाने म्हणायचो, "का येता?" ती म्हणायची, "घरी बसून तरी कोन येतंय माज्याकडे?"

सुगंधा परत आली नाही. तिचा नवराच पुढे जोह्याला गेला आणि सासऱ्याच्या कारखान्यात मूर्तींना रंग द्यायला लागला. त्यांना मुलगी झाली. सणाला येतात, येताना स्वतःचं पाणी घेऊन येतात आणि संध्याकाळच्या आत जातात. धाकलीबाई याबद्दल बोलायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, "नात गोरी हाय."

मग माझे डोळे गेले, म्हणजे मोतीबिंदू. दुकान विकून मी वरशाला आलो. धाकलीबाई पुन्हा दिसली ती गेल्या वैशाखात, रमाकांतच्या मुलाच्या लग्नात.

लग्न वरशातच होतं, आमच्या सोसायटीपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या हॉलमध्ये. नवरी इथलीच, एका कंपनीत लॅबमध्ये काम करणारी. खारसोंड्यात हल्ली लग्नं होत नाहीत, पंगतीला पाणी कुठून आणणार? गावाहून दोन बसगाड्या भरून वऱ्हाड आलं होतं. रमाकांत फेटा बांधून दारात उभा होता. त्याने मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला, हेही लिहून ठेवतो.

हळदीनंतर त्याने माइक घेतला आणि जाहीर केलं की आपली परंपरा जपण्यासाठी आता धवलारीण धवला गाणार आहे. व्हिडिओवाला पुढे सरसावला. धाकलीबाईला दोघींनी धरून आणलं. फार वाळली होती. नवरीसमोर पाटावर तिला बसवलं, माइक तोंडाशी धरला. बाया मागे झेलायला उभ्या राहिल्या. ती गायलाच लागेना. नवरीचा हात तिने हातात घेतला, बोटं उलटीसुलटी करून बघितली, आणि माइकमध्येच म्हणाली:

"गो पोरी, एक सांगते. आमच्या गावात पानी नाय. मी एकीला सांगितला नव्हता, तुला सांगते. अजून अक्षता पडल्या नाय. तुला उठायचा असल तर ऊठ, मी तुज्या बरोबर उठते."

 आचाऱ्याच्या भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. रमाकांतचा चेहरा बघण्यासारखा झाला आणि मला, खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांनी बरं वाटलं. क्षणभर वाटलं ही पोर उठेल.

नवरी हसली. वाईट हसली नाही, अगदी प्रेमाने हसली. मेंदीचा हात म्हातारीच्या गालाला लावून म्हणाली, "आजी, मला कसली चिंता? टँकर तर आपलेच आहेत ना!"

हॉलमध्ये असा हशा उठला की मंडपाच्या झिरमिळ्या हलल्या. शिट्ट्या वाजल्या. रमाकांत सगळ्यात मोठ्याने हसला. धाकलीबाईने त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गायला सुरुवात केली. पूर्ण गायली. एकही ओळ गाळली नाही. लोक पहिल्या दोन ओळींनंतर जेवायला गेले.

मला जेवण गेलं नाही. हात धुवायला मी हॉलच्या मागच्या अंगाला गेलो. तिथे भांडी घासायच्या जागी एक नळ होता आणि नळापुढे रांग. खारसोंड्याच्या बाया, पैठण्या नेसलेल्या, नाकात नथी घातलेल्या, प्रत्येकीच्या हातात कॅन. येताना बसमधून रिकामे आणले होते. रोह्याकडे पाण्याला तोटा नाही, लग्नाला आलो आहोत तर भरून नेऊ, असा साधा विचार.  रांगेच्या शेवटी धाकलीबाई उभी होती, हळदीचे हात तसेच, बगलेत एक पिवळा कॅन.

मी जवळ गेलो. "धाकलीबाई, ओळखलंत का?"

"मास्तर," ती म्हणाली. "डोले बरे झाले का?" 

तेवढ्यात आतून लाऊडस्पीकरवर रमाकांतचा आवाज आला. "काकी! काकी कुठे आहेत? फॅमिली फोटो आहे, काकीला पाठवा, काकीशिवाय फोटो नाय होणार!" एक मुलगी धावत आली, "आजी, चला, सगळे थांबलेत." रांगेतल्या बायांनी वळून बघितलं. एकीने म्हटलंसुद्धा, "जा गो काकी, कॅन मी भरते."

धाकलीबाई हलली नाही. "त्यांना सांग, रांगेतली पाली सोडून मी येत नाय," ती म्हणाली आणि कॅन खाली ठेवून त्याच्या तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आतून आणखी दोनदा पुकारा झाला. मग बँड सुरू झाला.

नळाची धार बारीक होती. तिच्या पुढे अजून बऱ्याच जणी होत्या.